हेडर बसवले आणि क्लचचा झेड-बार आडवा आला: १९६६ च्या मस्टँगवर काय करायचं

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गाडी १९६६ ची मस्टँग, २८९ घनइंचाचं व्ही-एट इंजिन, चार गिअरचा टॉपलोडर गिअरबॉक्स. मूळचे ओतीव लोखंडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून लाँग ट्यूब हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी लांब नळी असलेले एक्झॉस्ट, घ्यायचे ठरवले. उजवी बाजू अर्ध्या दिवसात बसली, पण डाव्या बाजूला आठव्या सिलिंडरची नळी क्लचच्या झेड-बारच्या खालच्या हाताला अक्षरशः चिकटून चाललीय, पेडल दाबलं की टक्क आवाज येतो. विकणाऱ्याने सांगितलेलं की "मॅन्युअल गाडीला फिट होतात". आता हेडर ठोकू, झेड-बार कापू, की सगळं काढून हायड्रॉलिक क्लच करू, आणि बसवायचा क्रम कोणता, असा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं की आज यातलं काहीच करू नकोस. ग्राइंडर खाली ठेव, एक शनिवार फक्त मोजण्यात घालव. मी हे एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः ग्राइंडर आधी चालवलाय आणि नंतर मोजलंय, त्याचा किस्सा पुढे येतोच.

मी मूळचा इचलकरंजीचा, वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं, आता वीसेक वर्षं मिशिगनमध्ये आहे आणि शनिवार-रविवार असल्याच गाड्यांच्या खाली जातात. झेड-बार मी पहिल्यांदा बघितला तो मात्र अमेरिकेत नाही, वडिलांकडे दुरुस्तीला यायच्या त्या महिंद्राच्या जुन्या जीपच्या खाली. त्या सीजे-३बी ला पण चासी आणि बेलहाऊसिंगच्या (क्लचवरच्या ओतीव कव्हरच्या) मध्ये एक आडवी नळी असायची, दोन्ही टोकांना बॉल, एक हात पेडलकडे आणि एक क्लचकडे. त्यामुळे पुढे मस्टँगखाली गेलो तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

ज्यांना झेड-बार म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पेडलपासून एक रॉड फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, इंजिनच्या बाजूला येतो आणि झेड-बारच्या वरच्या हाताला धरतो. झेड-बार म्हणजे एक आडवी जाड नळी, तिचं आतलं टोक इंजिन ब्लॉकमध्ये आवळलेल्या बॉल स्टडवर बसतं आणि बाहेरचं टोक फ्रेमला बोल्ट केलेल्या ब्रॅकेटवर. दोन्हीकडे नायलॉनचे बुश, धूळ आत जाऊ नये म्हणून फेल्टच्या चकत्या. वरचा हात ढकलला की नळी फिरते, खालचा हात मागे जातो आणि एक ॲडजस्ट होणारा रॉड क्लच फोर्कला मागे ढकलतो. फोर्क आत टेकूवर असल्यामुळे बाहेरचं टोक मागे गेलं की आतलं रिलीज बेअरिंग पुढे जाऊन प्रेशर प्लेटची बोटं दाबतं. बस, एवढंच यंत्र आहे, दिसायला अगदी साधं. पण त्यातली एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते, ती म्हणजे हा बार अर्धा इंजिनचा आहे आणि अर्धा गाडीचा. इंजिन रबरी माउंटवर हलतं, फ्रेम हलत नाही, त्यामुळे या बारचं आतलं टोक इंजिनबरोबर नाचतं आणि बाहेरचं टोक जागच्या जागी राहतं.

आता हेडर कोणाचा? पूर्ण इंजिनचा. तो सिलिंडर हेडला आवळलेला, इंजिन जसं हलेल तसा हलणार. म्हणजे झेड-बारच्या आतल्या टोकापाशी हेडर आणि बार जवळजवळ एकत्रच हलतात, तिथे फट कमी असली तरी चालतं. पण जसजसं बाहेर फ्रेमकडे जावं तसं दोघांमधलं हलणं वाढत जातं, आणि लाँग ट्यूबच्या नळ्या नेमक्या तिथूनच वळसा घेऊन खाली उतरतात. म्हणून "किती फट ठेवू" या प्रश्नाला एकच आकडा नाही. मी ब्लॉकच्या बाजूला ६ मिलिमीटरवर समाधान मानतो, फ्रेमच्या बाजूला १२ च्या खाली गेलो की मला झोप लागत नाही.

आणि हलतं म्हणजे किती आणि कुठे, तेही नीट समजून घे. या व्ही-एटचा क्रँक समोरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे जोरात ॲक्सिलरेटर दिला की इंजिनची बॉडी उलट्या बाजूला पिळते आणि डावी म्हणजे इकडची ड्रायव्हरची बाजू वर उचलली जाते. डावं माउंट नेहमी आधी का फाटतं त्याचं कारण हेच. जनरल मोटर्सला १९७१ च्या शेवटी ६७ लाख शेवरोले गाड्या याच कारणासाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या, माउंट तुटून इंजिन वर उचललं जायचं आणि थ्रॉटल ओढला जायचा, शेवटी त्यांनी इंजिन धरून ठेवायला एक वायर रोप बसवून दिली. तुझी फोर्ड आहे, तुझं माउंट तुटलं असेल असं मी म्हणत नाही, पण साठ वर्षांचं रबर असेल तर ते रबर राहिलेलं नाही एवढं नक्की. झेड-बार, क्लच फोर्क आणि हेडर तिन्ही ड्रायव्हरच्याच बाजूला, इंजिन उचललं जातं तेही त्याच बाजूला. सगळी गर्दी एकाच दारात.

आता माझा किस्सा. माझी स्वतःची १९६७ ची मस्टँग आहे, तिची इंजिनची जागा ६६ पेक्षा रुंद, कारण त्या वर्षी फोर्डने त्यात ३९० चं मोठं इंजिन बसवायचं ठरवलं होतं. तरी लाँग ट्यूबने खालच्या हाताला गाठलंच. मी गाडी स्टँडवर घेतली, हाताच्या कडेला थोडं ग्राइंडर मारलं, पेडल दाबून बघितलं, ३ मिलिमीटर फट दिसली, खूश होऊन सगळं आवळलं. महिनाभर गाडी मस्त. मग एक दिवस हायवेवर चढताना दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला आणि इंजिनचा आवाज वर गेला, गाडी मात्र तिथेच. क्लच स्लिप. म्हटलं डिस्क गेली. जानेवारीत, थंड गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवला, डिस्क बदलली, परत चढवला, आणि पहिल्याच टेस्टला तेच. डोकं धरून बसलो. मग टॉर्च घेऊन खाली झोपलो तर आठव्या नळीवर, जिथे रंग जळून राखाडी झाला होता, तिथे एक बोटभर लांबीचा पट्टा आरशासारखा चमकत होता, आणि समोर झेड-बारच्या हाताच्या कडेला तसाच चमकणारा जुळा भाऊ. जोर दिला की इंजिन उचललं जायचं, नळी हाताला ढकलायची, हात फोर्कला, फोर्क बेअरिंगला, म्हणजे मी पेडलला पायही लावत नव्हतो आणि माझा हेडरच क्लच दाबत होता. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे वरचा मोकळा प्रवास, मी जरा कमीच ठेवला होता, त्यामुळे तेवढंसं ढकलणंही पुरलं. जुनी डिस्क अजून शेल्फवर आहे, तिच्यावर निम्म्याहून जास्त मटेरियल शिल्लक आहे. एखाद्याला धडा द्यायचा असला की दाखवतो.

तर थांबलेल्या गाडीवर, थंड इंजिनवर, पेडल न दाबता दिसलेली फट खोटी असते. इंजिन उचलून आणि पेडल दाबून कसं बघायचं ते पुढे मोजायच्या पद्धतीत येतं, आधी थंड इंजिनचं सांगतो.

थंड का नाही, तर नळी तापली की लांब होते. साध्या पोलादाची लांबी दर मीटरला दर अंश सेल्सिअसला १२ मायक्रोमीटर वाढते. ८०० मिलिमीटरची नळी धर, तापमान ४०० अंशांनी वाढलं असं धर, गुणाकार कर, जवळजवळ ४ मिलिमीटर येतात. प्रत्यक्षात नळीला वळणं असतात त्यामुळे ती सरळ एका दिशेने वाढत नाही, बाकदार होऊन बाजूला सरकते, आणि कुठल्या बाजूला ते तिचं तिला माहीत. माझे ते ३ मिलिमीटर पहिल्या दहा मिनिटांतच संपले असणार.

आता मोजायची पद्धत. आधी डावं माउंट तपास, रबरात चीर असेल किंवा तेलाने फुगलं असेल तर दोन्ही माउंट आणि गिअरबॉक्सखालचं माउंट बदल आणि मगच मोज, कारण खचलेल्या माउंटवर इंजिन खाली बसलेलं असतं आणि नवीन टाकलं की सगळं वर येतं, कधीकधी निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मग हेडर गॅस्केटसकट बसवून सगळे बोल्ट आवळ, हाताने लटकवलेल्या हेडरवर मोजलेलं काही धरू नकोस. झेड-बार बसव, बुश नवीन घाल, जुने घासलेले असतील तर बार स्वतःच ५ मिलिमीटर डुलतो. मुलांची ती रंगीत चिकणमाती मिळते ना, तिचे गोळे संशयाच्या प्रत्येक जागी चिकटव, वरचा हात, खालचा हात, ॲडजस्टिंग रॉड, त्याची नट, आणि फोर्कचं टोक पण, ते लोक विसरतात. कुणालातरी पेडल पूर्ण दाबायला लाव, सोडायला लाव, पाच-सहा वेळा. मग जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून इंजिनची डावी कड हळूहळू उचल, ऑइल पॅनच्या मधोमध नाही, ती चेपते, कडेला जिथे पॅन ब्लॉकला आवळलेली असते तिथे. गाडी स्टँडवरून उचलली जातेय असं वाटायच्या आधी थांब. त्या अवस्थेत परत पेडल. आता चिकणमाती काढून सर्वात पातळ जागा मोज, आणि त्यातून तापण्याचे ४ वजा कर. उरलं ते खरं.

नेमकी कुठे टेकतेय ते बघायला मी निळी मार्किंग पेस्ट वापरतो. वडील बेअरिंग घासून बसवताना शेंदूर तेलात कालवून लावायचे, जिथे शेंदूर उमटला तिथे घासायचं, तेच तत्त्व. खालच्या हाताला पेस्ट लावली की नळीवर तिचा ठसा येतो, आणि बहुतेक वेळा असं दिसतं की अख्खी नळी आडवी नाहीय, एका अंगठ्याएवढ्या जागेचा वाद आहे. एवढ्याशा जागेसाठी लोक अख्खा क्लच हायड्रॉलिक करून बसतात.

उपायाचा क्रम मी असा लावतो, आणि यावर माझ्याशी भांडणारे बरेच आहेत: नळीचा वाद असेल तर नळीला समजव, झेड-बारला नंतर हात लाव. कारण नळी फक्त धूर वाहते, झेड-बारवर तुझा गिअर पडणं न पडणं अवलंबून आहे. ४१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत ६-७ मिलिमीटर खोल, दोन-अडीच इंच लांब असा गुळगुळीत खळगा पडला तर रस्त्यावरच्या गाडीत तुला फरक कळणार नाही. गुळगुळीत हा शब्द महत्त्वाचा, हातोडीने कोन पाडलेला खळगा नको, तिथून पुढे चीर जाते.

खळगा पाडताना हेडर गाडीवर ठेवून ठोकू नकोस. उतरव, त्याचा फ्लँज (हेडला आवळायची सपाट पट्टी) एखाद्या जाड पट्टीला किंवा भंगारातल्या सिलिंडर हेडला बोल्ट कर म्हणजे तो वाकडा होणार नाही, ठशाच्या जागी गॅस टॉर्चने नारिंगी लाल होईपर्यंत तापव आणि गोल सळईचा तुकडा आडवा ठेवून मोठ्या सी-क्लॅम्पने हळूहळू दाब. क्लॅम्पने दाबलं की किती दबतंय ते कळतं, हातोडीने कळत नाही. वेल्डच्या जोडावर दाबायचं नाही. पाणी ओतून थंड करायचं नाही, आपोआप होऊ दे. शेवटी फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून उजेडात बघ, पट्टीखालून उजेड दिसला तर कानस नाहीतर मशीनिंग, नाहीतर जन्मभर गॅस्केट फुंकत बसशील. हे सगळं साध्या रंगवलेल्या हेडरसाठी. त्यावरचा रंग आधी घासून काढ, जळताना त्याचा धूर वाईट असतो. क्रोम किंवा सिरॅमिक कोटिंगवाला असेल तर तापवू नकोस, कोटिंग गेलं म्हणून समज. कोटिंग करून घ्यायचंच असेल तर आधी बसवून, खळगे पाडून, परत बसवून बघून, मग पाठवायचं. चकाचक हेडर आधी आणून मग रडणारे मी किती बघितलेत.

एवढ्याने भागलं नाही तर मग खालच्या हाताकडे वळ. इथे एकच नियम: हात नळीवर आत-बाहेर कितीही सरकव, पण बारच्या मध्यापासून रॉडच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि वरच्या हाताशी असलेला कोन, हे दोन्ही मिलिमीटरला मिलिमीटर तेच राहिले पाहिजेत. समजा हात १०० मिलिमीटरचा होता आणि तू जागा मिळावी म्हणून ९० चा केलास. फोर्कचा प्रवास सरळ १० टक्के कमी. पेडल हलकं लागेल, तुला वाटेल वा, आणि मग रिव्हर्स टाकताना करकर सुरू होईल, कारण टॉपलोडरच्या चारही पुढच्या गिअरना सिंक्रो (गिअर करकर न करता पडू देणारी कडी) आहे पण रिव्हर्सला नाही, क्लच पूर्ण सुटत नसला की पहिली तक्रार तोच करतो. उलट हात लांब केलास तर प्रवास वाढेल पण पेडल दगड होईल. म्हणून कापायच्या आधी जुना बार एका फळीवर ठेवून दोन्ही भोकांत खिळे ठोक, म्हणजे आपोआप जिग तयार. मग हात काप, हवा तितका सरकव, खिळ्यांवर बसव, टाका मार, गाडीवर लावून बघ, आणि मगच पूर्ण वेल्ड. एकदम पूर्ण वेल्ड मारलास तर माझ्याकडे रडत येऊ नकोस. सरकवल्यावर रॉड फोर्ककडे तिरका जाणार, थोडा तिरका चालतो, जास्त झाला तर दोन्ही टोकांना रॉड एंड (आत फिरणारा बॉल असलेली टोकं) लाव, ३/८ इंच २४ आट्यांचे सहज मिळतात, आणि पेडलच्या अर्ध्या प्रवासात हात आणि रॉड यांच्यात काटकोन येतोय का ते बघ.

काही जण रॉडलाच एस आकारात वाकवतात. हा रॉड ढकलण्याचं काम करतो, ओढण्याचं नाही. ओढायचा असता तर वाकलेला रॉड सरळ व्हायला बघितला असता, ढकलताना तो आणखी वाकतो. पायाखाली १५ किलो धर, पेडलच्या लिव्हरने पाचपट धर, झेड-बारपाशी ७५ किलो झाले, पुढे हातांच्या प्रमाणात आणखी बदलतात. एवढा जोर बाकदार १० मिलिमीटरच्या सळईतून ढकललास तर ती धनुष्यासारखी लवते आणि तुझ्या पेडलचा प्रवास त्या लवण्यातच जिरतो. वाकवायचाच असेल तर एकच हलका बाक, आणि एक साइज जाड सळई.

आणि मधली आडवी नळीच आडवी येत असेल तर? मग तिला खाच पाडायची वेळ येते. उघडी खाच कधीही ठेवायची नाही. बंद नळी पिळ सहन करते ती बंद असल्यामुळे, एकदा तिला चिरलंस की ती कागदाच्या उघड्या सुरळीसारखी होते, दिसायला जाड पण पिळली की पिळली जाते. खाच पाडलीस तर त्याच जाडीच्या नळीचा अर्धा तुकडा उलटा बसवून चहूबाजूंनी वेल्ड करून ती परत बंद कर. तेही खाच नळीच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी असेल तर. त्याहून जास्त लागत असेल तर हेडर चुकीचा आहे, परत कर.

हेडर चुकीचा असणं हेही होतं बरं का. ६५-६६ मध्ये दोन्हीकडचे शॉक टॉवर, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर धरणारे पत्र्याचे खांब, इतके आत आलेले आहेत की जागाच नाही, वर डाव्या बाजूला स्टिअरिंग बॉक्स, पॉवर स्टिअरिंग असेल तर खाली त्याचा व्हॉल्व्ह आणि सिलिंडर. अजून घेतले नसते तर मी तुला ट्राय-वाय घ्यायला सांगितले असते. चार नळ्यांच्या दोन, दोनाची एक, अशी रचना, त्यामुळे झेड-बारजवळ येईपर्यंत नळ्यांची संख्या कमी झालेली असते आणि जागा मिळते. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० ला याच प्रकारचे होते, आणि ती गाडी चार गिअरची, झेड-बारवालीच, म्हणजे दोघं एकत्र नांदू शकतात हे तेव्हाच सिद्ध झालंय. घेताना "मस्टँगला बसतं" एवढं विचारून भागत नाही, मूळ झेड-बारसकट मॅन्युअलला बसतं का, तुझ्या स्टिअरिंगला बसतं का, आणि तुझ्या हेडच्या प्लगच्या कोनाला बसतं का, हे तिन्ही वेगळे प्रश्न आहेत. आणि कुणी २८९ काढून नंतरचं ५.० इंजिन टाकलं असेल तर आधी ब्लॉक बघा, त्यातल्या बऱ्याच ब्लॉकना झेड-बारच्या बॉल स्टडसाठी आटे पाडलेलं भोकच नसतं, वेगळं ब्रॅकेट लावावं लागतं आणि मग बॉल मूळ जागी आलाय का ते परत मोजावं लागतं.

बुशबद्दल. मूळचे नायलॉनचे आहेत, ओतीव मॅनिफोल्डच्या शेजारी ते वर्षानुवर्षं टिकले, कारण मॅनिफोल्ड लांब होता. लाँग ट्यूब दोन बोटांवरून जात असेल तर आतला बुश मऊ पडतो आणि मग तो अंडाकृती होतो. मी ब्राँझचे बुश टाकतो किंवा दोन्हीकडे रॉड एंडवाला बार करून घेतो, आणि जास्त तापमानाचं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस. नळी आणि बुशच्या मध्ये पातळ पत्र्याची ढाल, दोन्हीकडे हवा खेळेल अशी, हा सगळ्यात स्वस्त उपाय. नळीला ती कापडी पट्टी गुंडाळतात ती मला साध्या पोलादाच्या हेडरवर आवडत नाही, ओल धरते आणि आतून गंज खातो, दोन हिवाळ्यांत चाळण झालेली बघितलीय. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने तर आणखीच.

फोर्कची रिटर्न स्प्रिंग हेडर बसवताना काढलेली असते आणि परत लावायला जागा नसते म्हणून लोक तशीच सोडतात. तसं करू नकोस, बेअरिंग कायम बोटांवर टेकून फिरतं आणि लवकर ओरडायला लागतं. तिचं टोक दुसरीकडे अडकव, पण अडकव. पेडलला वर साधारण १ इंच मोकळा प्रवास ठेव, आणि तो इंजिन गरम असताना परत तपास.

प्रेशर प्लेट कुठली आहे तेही बघून ठेव. जुनी तीन बोटांची असेल, तर त्यातल्या काहींच्या बोटांवर वजनं असतात, आरपीएम वाढले की ती स्वतःच जास्त दाबतात आणि पेडल जड होतं, म्हणजे तुझ्या त्या कापून जोडलेल्या झेड-बारवर जास्त पिळ. गिअरबॉक्स उतरलेलाच असेल तर डायफ्रॅमवाली, म्हणजे बशीसारख्या एकाच स्प्रिंगची, टाक, सगळी लिंकेज सुटकेचा श्वास घेईल. फक्त मग डॅशखाली पेडलला मदत करणारी ती मोठी स्प्रिंग जास्त ताकदीची ठरते आणि पेडल खालीच चिकटून राहू शकतं, तिथे हलकी स्प्रिंग लागते. ती काढताना तोंड तिच्या समोर धरू नकोस, दाबलेली असते आणि सुटली तर दात घेऊन जाते, चेष्टा करत नाहीये.

आता हायड्रॉलिक. प्रत्येक जण हेच सुचवतो आणि वाईट नाहीय ते, बार गेला, वाद गेला. पण खर्च सोडून दोन गोष्टी बघ. एक, फायरवॉलचा पत्रा मास्टर सिलिंडरच्या (पेडलने तेल ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) जोरासाठी बनवलेला नाही, मागून पट्टी लावून मजबूत केला नाहीस तर पेडल दाबलं की पत्रा लवतो आणि क्लच अर्धाच सुटतो. दोन, तेल. डॉट-३ तेल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलं की हेच १४० वर येतं, डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे त्या तेलाने फोर्क ढकलणारा, बाहेर फोर्कपाशी लावलास तर तो त्याच हेडरच्या शेजारी येऊन बसतो ज्याच्यापासून तू पळत होतास, ट्रॅफिकमध्ये अडकलास की तेलात बुडबुडे आणि पेडल पोकळ. बेलहाऊसिंगच्या आत बसणारं हायड्रॉलिक बेअरिंग घेतलंस तर उष्णतेचा त्रास कमी, पण त्याचं सील गळलं की अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. केबल हा मधला मार्ग, फोर्डने स्वतः १९७९ ते २००४ च्या मस्टँगला केबलच दिली, पण जुन्या गाडीत ती घालायची म्हणजे ब्रॅकेट, फोर्क सगळं जुळवा, आणि केबलचं प्लास्टिक आवरण नळीपासून लांब न्यायला वळसे द्यायचे, जितके वळसे तितकं पेडल खरखरीत. मी हायड्रॉलिक त्यालाच सांगतो ज्याने पाच गिअरचा वेगळा गिअरबॉक्स टाकलाय किंवा ज्याचा हेडर खरंच झेड-बारच्या जागेतूनच जातो. तुझ्या वर्णनावरून तुझं तसं नाही, तुझा वाद अंगठ्याएवढा आहे.

बसवायचा क्रम विचारला होतास. हेडर खालून चढतो, वरून नाही. बॅटरी काढ, डावं माउंट सैल करून इंजिन इंच-दोन इंच वर घे, फॅन आणि रेडिएटर आपटत नाही ना ते बघ, डिस्ट्रिब्युटरची टोपी फायरवॉलला लागत नाही ना तेही. हेडर आधी वर घुसव पण बोल्ट दोनच, तेही सैल. मग झेड-बार त्याच्या मागून आत घाल, आधी ब्लॉककडचा बॉल, मग फ्रेमकडचं ब्रॅकेट. काही हेडरमध्ये शेवटची नळी वेगळी सुटी येते ती याचसाठी, बार आत गेल्यावर ती जोडायची. इंजिन खाली घे, माउंट आवळ, मग हेडरचे बाकीचे बोल्ट मधून बाहेर असे आवळत जा. आठव्या प्लगची वायर शेवटी लाव आणि तिचा रबरी बूट नळीला टेकत नाही ना ते बोट घालून बघ, कारण पहिल्या दिवशी मिसफायर आला की लोक कार्ब्युरेटर उघडतात.

पन्नास-साठ मैल चालवून गाडी परत वर घे. हेडरचे बोल्ट गार झाल्यावर पुन्हा आवळ, आणि आठव्या नळीवर त्या जागी पांढऱ्या खडूचा पट्टा ओढून ठेव. पुढच्या आठवड्यात दोनदा-तीनदा दुसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन ये आणि टॉर्च घेऊन खडू बघ. पुसला गेला असेल तर त्याचा फोटो काढून पाठव, पेडल वर असताना एक आणि दाबलेलं असताना एक, दोन्ही एकाच कोनातून.